आधी जागा, मग यंत्र

प्रस्तावना

पवनचक्कीखाली उभा राहिलेला माणूस बहुधा दोन प्रश्न विचारतो. ही वीज तयार कशी करते? आणि ती नेमकी इथेच का उभी केली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या पुस्तकापासून कंपन्यांच्या माहितीपत्रकांपर्यंत कुठेही मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र 'इथे वारा चांगला आहे' एवढ्यावरच आटोपते. वारा चांगला म्हणजे किती, कोणत्या उंचीवर, वर्षातले किती महिने, आणि त्या जागेवर वाऱ्याखेरीज आणखी कोणाकोणाचा हक्क आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

हे पुस्तक दोन्ही प्रश्न घेते, पण त्याचा कल दुसऱ्याकडे आहे. तो योग्यच आहे असे मला वाटते. यंत्र पैसे टाकले की मिळते, वारा मागवता येत नाही. बेताच्या जागी उभारलेले उत्तम यंत्र वीस-पंचवीस वर्षे बेताचेच चालते आणि उत्तम जागी उभारलेले साधे यंत्रही मालकाचे पैसे फेडून देते. महाराष्ट्रातल्या पवनऊर्जेचा गेल्या चार दशकांचा इतिहास वाचताना यश आणि भांडण या दोहोंचे मूळ पुन्हा पुन्हा जागेच्या निवडीपाशी सापडते. म्हणून या प्रस्तावनेत आधी वाऱ्याचे गणित, मग यंत्र, आणि त्यानंतर जागा असा क्रम ठेवला आहे. पहिली दोन समजली की तिसऱ्यावर वाद नीट घालता येतो.

घनाचे गणित

वाहत्या हवेत ऊर्जा असते, कारण हवेला वजन आहे. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा साधारण सव्वा किलो भरते. ती पात्यांच्या वर्तुळातून जितकी अधिक आणि जितक्या वेगाने जाईल तितकी शक्ती जास्त. यातली मेख वेगात आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की प्रत्येक घनमीटर हवेतली ऊर्जा चौपट होते आणि शिवाय दर सेकंदाला दुप्पट हवा पात्यांपाशी पोहोचते. परिणामी शक्ती आठपट होते. सेकंदाला ६ मीटर वेगाच्या वाऱ्यात दर चौरस मीटरमागे सुमारे १३० वॉट शक्ती असते. तोच वारा १२ मीटरने वाहू लागला की ती हजार वॉटच्या वर जाते. साहजिकच, दोन गावांच्या वाऱ्यात सेकंदाला अवघ्या एका मीटरचा फरक असला तरी एका गावात प्रकल्प होतो आणि दुसऱ्यात होत नाही.

याच घनामुळे सरासरी वेगाचा आकडा फसवा ठरतो. एका ठिकाणी दोन तास सलग ६ मीटरने वारा वाहिला आणि दुसऱ्या ठिकाणी एक तास २ मीटरने व एक तास १० मीटरने वाहिला, असे समजा. दोन्हीकडे सरासरी ६ मीटरच. पण घन करून बेरीज केली तर पहिल्या ठिकाणी ४३२ येतात आणि दुसऱ्या ठिकाणी १००८. सरासरी तीच, ऊर्जा दुपटीहून जास्त. त्यामुळे जाणकार माणूस 'इथली सरासरी किती' एवढ्यावर थांबत नाही. कोणत्या वेगाचा वारा वर्षातले किती तास वाहतो, याचा तो तक्ता मागतो.

हवेच्या घनतेचाही हिशेब धरावा लागतो. साताऱ्याची पठारे समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांच्या आसपास आहेत. तिथली हवा विरळ असते. पावसाळ्यातल्या तापमानाला तिची घनता घनमीटरमागे सुमारे १.०५ किलो भरते. यंत्राच्या माहितीपत्रकात धरलेल्या प्रमाणित हवेपेक्षा ती सुमारे एक सप्तमांशाने कमी, आणि तेवढ्याच वेगाच्या वाऱ्यातून मिळणारी वीजही त्याच प्रमाणात कमी. उंचीवर गेल्याने वेग मिळतो, घनता जाते. वेगाचा घन होत असल्याने सौदा फायद्याचा ठरतो, पण तो सौदा आहे हे विसरू नये.

पात्यापासून तारेपर्यंत

वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही. ती सगळी काढली तर पात्यांमागची हवा जागीच थांबेल आणि मागून येणाऱ्या हवेला वाट उरणार नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी पहिल्या महायुद्धानंतर लगेचच या मर्यादेचे गणित मांडले. कोणतेही यंत्र वाऱ्यातल्या ऊर्जेचा जास्तीत जास्त २७ पैकी १६ भाग, म्हणजे ५९.३ टक्के, घेऊ शकते. आजची चांगली यंत्रे अनुकूल वेगात ४५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतात. 'दुप्पट वीज देणारी नवी पवनचक्की' अशी बातमी वाचली की हा आकडा आठवावा.

वारा पाते ढकलतो आणि म्हणून ते फिरते, असा सर्वसाधारण समज आहे. आधुनिक पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. एका बाजूने हवा वेगाने सरकते, तिथला दाब कमी होतो आणि पाते त्या बाजूला ओढले जाते. ही उचल ढकलण्यापेक्षा कितीतरी कार्यक्षम असते. पूर्वीच्या पाणी उपसणाऱ्या चक्क्यांना भरपूर पाती असत, कारण त्यांना कमी वेगात जोर हवा असे. वीज निर्माण करायला फिरण्याचा वेग लागतो आणि त्यासाठी थोडी, लांब, सडपातळ पाती बरी. डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर यांनी १८९१ पासून केलेल्या प्रयोगांतून हे ध्यानात आले. त्याच देशात योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेद्सर येथे तीन पात्यांचे २०० किलोवॉटचे यंत्र उभारले आणि आजच्या पवनचक्कीचा साचा तिथे पक्का झाला.

मोठ्या यंत्राची पाती बघताना संथ वाटतात. ६० मीटर लांबीचे पाते मिनिटाला १३ फेरे घेत असेल तर त्याचे टोक ताशी जवळजवळ ३०० किलोमीटर वेगाने जात असते. हा आकडा पुढे पक्ष्यांविषयी बोलताना लागेल. टॉवरच्या डोक्यावरच्या पेटीत, म्हणजे नॅसेलमध्ये, गिअरबॉक्स हे १३ फेरे शंभरपटीच्या आसपास वाढवून जनित्राला हजार-दीड हजार फेऱ्यांनी फिरवतो. जनित्रात फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. काही बनावटींत गिअरबॉक्स नसतो. मोठ्या व्यासाचे जनित्र थेट पात्यांच्या वेगानेच फिरते. गिअरबॉक्सची दुरुस्ती वाचते, पण पेटीचे वजन वाढते. तयार झालेली वीज टॉवरपाशीच्या ट्रान्सफॉर्मरमधून साधारणपणे ३३ हजार व्होल्टपर्यंत चढते आणि उपकेंद्राकडे जाते.

सेकंदाला ३ मीटरच्या आसपास वारा असला की यंत्र वीज देऊ लागते. ११-१२ मीटरला ते पूर्ण क्षमतेला पोहोचते. त्यापुढे वारा कितीही वाढला तरी वीज वाढत नाही; पाती आपल्या आसाभोवती थोडी वळतात आणि जादा वारा सोडून देतात. वेग २० ते २५ मीटरच्या वर गेला की यंत्र स्वतःला बंद करून घेते. वादळात पवनचक्क्या थांबलेल्या दिसतात तेव्हा त्या बिघडलेल्या नसतात. वाऱ्याची दिशा बदलली की मोटारी संपूर्ण पेटी वाऱ्याच्या तोंडाला वळवतात. जुन्या यंत्रांचा वेग जवळजवळ ठरलेला असे आणि ती विजेच्या जाळ्यातूनच चुंबकनासाठी लागणारा प्रवाह ओढून घेत. नव्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक परिवर्तक असल्याने पाती वाऱ्याप्रमाणे कमीजास्त फिरतात आणि जाळ्याला वीज मात्र ५० हर्ट्झचीच मिळते.

महाराष्ट्राचा वारा

आपला वारा मोसमी आहे. जूनपासून अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य-पश्चिम प्रवाह सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो. डोंगररांग दक्षिणोत्तर आणि वारा तिला जवळजवळ काटकोनात. भिंत ओलांडताना हवेचा थर दबतो आणि माथ्यावर वेग वाढतो. घाटमाथ्यावरच्या माणसांना हा भणाण वारा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. साताऱ्याजवळचे चाळकेवाडीचे पठार, कोयना जलाशयाच्या वरचा वनकुसवड्याचा सडा ही त्याची नामांकित ठिकाणे. खिंड मिळाली तर वाऱ्याचा जोर आणखी वाढतो. तमिळनाडूच्या पवनऊर्जेचा मोठा भाग पालघाटची खिंड आणि कन्याकुमारीजवळची मुप्पंडलची बाजू या दोन दारांवर उभा आहे.

पण माथ्यावरचे प्रत्येक ठिकाण चांगले नसते. डोंगराचा उतार सौम्य असेल तर हवा त्याला धरून वर चढते आणि वेग घेते. उतार १७ अंशांच्या आसपास आणि त्याहून तीव्र असेल, किंवा सरळ कडा असेल, तर प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो आणि कड्याच्या मागे भोवरे तयार होतात. कड्याच्या अगदी टोकावर उभे राहिले की टोपी उडते, म्हणून तिथेच पवनचक्की बसवावी असे वाटते. त्याच टोकावर पात्याच्या वरच्या आणि खालच्या भागाला वेगवेगळा वारा लागून गिअरबॉक्स आणि बेअरिंग लवकर झिजण्याचा धोका असतो. सह्याद्रीत कडे पुष्कळ आहेत. त्यामुळे काठापासून किती मागे सरकायचे हा इथला नेहमीचा प्रश्न आहे.

वाऱ्याची नोंद गावकऱ्यांच्या अनुभवावर सोडता येत नाही. देशात हे काम शिस्तीने उभे करण्याचे मोठे श्रेय अण्णा मणी यांना जाते. मूळच्या केरळच्या या भौतिकशास्त्रज्ञ १९४८ पासून पुण्याच्या वेधशाळेत, म्हणजे पुणेकरांच्या शिमला ऑफिसात, हवामानाची उपकरणे देशातच तयार करण्याच्या कामाला लागल्या. निवृत्तीनंतर त्यांनी देशभरातल्या वाऱ्याचे सर्वेक्षण हाती घेतले आणि त्याची आकडेवारी १९८३ मध्ये ग्रंथरूपाने आली. तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिन इथे डॅनिश बनावटीच्या ५५ किलोवॉटच्या यंत्रांनी देशातल्या पवनऊर्जेची सुरुवात झाली. म्हणजे मोजणी आधी आणि यंत्रे नंतर, हा क्रम तेव्हा पाळला गेला होता.

आज हे काम चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था करते. तिच्या अंदाजानुसार जमिनीपासून १२० मीटर उंचीवर महाराष्ट्राची पवनक्षमता सुमारे ९८ हजार मेगावॉट आहे, आणि १५० मीटर उंचीवर जवळजवळ १ लाख ७४ हजार. जमीन तीच, वाराही तोच; फक्त तीस मीटर वर गेल्याने आकडा पाऊणपटीने वाढतो. झाडे, घरे, बांध, गवत या सगळ्यांशी घासून खालचा वारा मंदावतो. सपाट माळावर १० मीटर उंचीपेक्षा ८० मीटरवर वेग साधारण एक तृतीयांशाने जास्त असतो आणि घन केल्यावर शक्ती सुमारे अडीचपट होते. आजचे टॉवर शंभर मीटरच्या वर का गेले, त्याचे कारण हे. सांगली, बीड, अहिल्यानगर, धाराशिव इथले बेताच्या वाऱ्याचे माळ प्रकल्पवाल्यांच्या नकाशावर आले तेही याच उंचीमुळे.

जागा शोधण्याची रीत

विहीर कुठे खणायची हे पाणाड्याच्या काडीवर सोडून पुढे कोरडा खड्डा बघत बसलेली माणसे आपल्याकडे थोडी नाहीत. वाऱ्याच्या बाबतीत तशी हौस कुणाला परवडत नाही, कारण एकेका यंत्राची किंमत कोटींत आहे. म्हणून प्रथम नकाशा, मग मोजणीचा मनोरा. त्यावर वेगवेगळ्या उंचीला वेगमापक आणि दिशादर्शक बसवून किमान वर्षभर नोंद घेतात. एखादे वर्ष मोसमी पावसाच्या दृष्टीने दुबळे किंवा जोरदार असू शकते. त्यासाठी ही नोंद जवळच्या दीर्घकालीन आकडेवारीशी ताडून पाहतात.

नंतर येते यंत्रांची मांडणी. प्रत्येक पवनचक्कीच्या मागे मंद आणि खवळलेल्या वाऱ्याची शेपटी लांबवर जाते. पुढच्या यंत्राची शेपटी मागच्यावर पडली तर मागच्याची वीज घटते आणि झीज वाढते. त्यामुळे मुख्य वाऱ्याच्या दिशेने पात्यांच्या व्यासाच्या पाच ते सातपट आणि आडव्या दिशेने तीन ते पाचपट अंतर ठेवण्याची पद्धत आहे. पात्यांचा व्यास १२० मीटर असेल तर एकामागच्या दोन यंत्रांत ६०० मीटर किंवा त्याहून जास्त अंतर झाले. वाऱ्याची दिशा वर्षभर जवळजवळ एकच असेल, जशी आपल्या घाटमाथ्यावर मोसमी महिन्यांत असते, तर धारेवर एकच लांब ओळ सगळ्यांत किफायतशीर ठरते.

वारा उत्तम आणि रस्ता नाही, अशा जागाही पुष्कळ. साठ मीटरचे अखंड पाते घाटातून वर न्यायचे तर वळणे रुंद करावी लागतात. जड क्रेन उभी राहील असा सपाट ओटा लागतो आणि प्रत्येक टॉवरच्या पायात शेकडो घनमीटर काँक्रीट जाते. जवळ उपकेंद्र नसेल तर टॉवरलाइन ओढावी लागते आणि प्रत्येक मनोऱ्यासाठी नवी जमीन, नवा मोबदला, नवा तंटा. उपकेंद्राची क्षमता भरलेली असेल तर तयार वीजही नेता येत नाही. माळावरच्या प्रकल्पाचे भवितव्य कधी कधी वाऱ्यापेक्षा या तारेवरच ठरते.

पहिल्या गर्दीचा धडा

साताऱ्याच्या पठारांवर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांची गर्दी झाली. त्यामागे वारा होता तसाच प्राप्तिकरही होता. पवनचक्कीच्या संपूर्ण किमतीचा घसारा पहिल्याच वर्षी दाखवण्याची मुभा कायद्याने दिलेली होती. पुढे ती ८० टक्क्यांवर आणि २०१७ मध्ये ४० टक्क्यांवर आली. विजेशी एरवी काही संबंध नसलेले उद्योजकही त्यामुळे यंत्रांचे मालक झाले. सुरतेत कापडाचा व्यवसाय करणारे तुलसी तांती विजेच्या खर्चाने हैराण होऊन पवनचक्क्यांकडे वळले आणि १९९५ मध्ये त्यांनी सुझलॉन स्थापन केली. पुण्यात मुख्यालय असलेल्या या कंपनीने वनकुसवड्यापासून धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलपर्यंत यंत्रांच्या रांगा उभ्या केल्या. २०१४ च्या सुमारास महाराष्ट्र पवनऊर्जेत तमिळनाडूच्या खालोखाल होता. पुढे गुजरात आणि कर्नाटक वर गेले. देशाची एकूण क्षमता २०२५ मध्ये ५० हजार मेगावॉटच्या पलीकडे गेली, तेव्हा त्यात महाराष्ट्राचा वाटा ५ हजारांहून थोडा अधिक होता.

करसवलत यंत्र उभारल्याबद्दल होती, वीज निर्माण केल्याबद्दल नव्हती. किती युनिट निघाली याची फिकीर कमी असली की मोजणी आणि मांडणी यांचीही फिकीर कमी होते. २००९ मध्ये केंद्राने प्रत्यक्ष युनिटमागे प्रोत्साहन देण्याची योजना आणली आणि २०१७ मध्ये लिलाव सुरू झाले. पहिल्याच लिलावात दर युनिटला ३ रुपये ४६ पैशांवर आला. त्या दरात जागेची चूक पोटात घालायला वाव नाही, आणि तेव्हापासून जागेचा अभ्यास खऱ्या अर्थाने कसून होऊ लागला.

मात्र त्याआधीच राज्यातल्या सर्वोत्तम जागा सर्वांत लहान यंत्रांनी व्यापल्या होत्या. त्या काळचे ३५० किलोवॉटचे यंत्र सुमारे ३३ मीटर व्यासाचे होते. त्याचे वर्तुळ पावणेनऊशे चौरस मीटरच्या आसपास भरते. नंतरच्या २.१ मेगावॉटच्या, १२० मीटर व्यासाच्या यंत्राचे वर्तुळ ११ हजार चौरस मीटरच्या वर जाते. क्षमता सहापट, पण वारा पकडणारे क्षेत्र तेरापट. जनित्राच्या मानाने पाती मोठी असल्याने असे यंत्र मंद वाऱ्यातही चालत राहते. जुनी यंत्रे काढून त्याच धारेवर थोडी मोठी यंत्रे बसवण्याचे धोरण केंद्राने २०१६ मध्ये आणले आणि २०२३ मध्ये सुधारले. कागदावर ते सोपे आहे. प्रत्यक्षात एका ओळीतल्या दहा यंत्रांचे दहा मालक, त्यांचे जुने वीजखरेदी करार आणि जमिनीचे वेगवेगळे कागद यांची मोट बांधावी लागते. पहिल्या वेळी जागा एकसंध नियोजनाने न दिल्याची किंमत आता मोजावी लागत आहे.

जागेचे इतर धनी

वाऱ्याला अनुकूल सडा कागदोपत्री बहुधा 'पडीक' असतो. जांभ्याच्या त्या कातळावर पीक येत नाही हे खरे, पण तो रिकामा नाही. पावसाळ्यात तिथे अल्पायुषी वनस्पतींचा बहर येतो आणि गुरे चरतात. चाळकेवाडीच्या पठारावर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौथा हिस्साच उरले होते. त्यांचे भक्ष्य असलेले सरडे मात्र तिथे वाढले होते. त्या सरड्यांतले तणावाचे संप्रेरक कमी होते आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते. पण गर्दीमुळे ते रोडावले होते आणि नरांचे रंगही फिके झाले होते. पवनचक्कीने जणू पठारावरच्या मोठ्या शिकाऱ्याची जागा घेतली होती. पात्याखाली किती पक्षी मेले, एवढी मोजदाद पुरेशी नाही, हे या अभ्यासाने दाखवले. जे पक्षी मरत नाहीत पण यायचे थांबतात, त्यांची अनुपस्थितीही जागेच्या हिशेबात धरली पाहिजे. कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारच्या पठारांबाबत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

माणसांचा हिशेब याहून गुंतागुंतीचा. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पवनचक्की आणि वस्ती यांत आवाजाच्या दृष्टीने किमान ५०० मीटर अंतर हवे. सार्वजनिक रस्त्यापासूनचे अंतर टॉवरची उंची आणि पात्यांचा अर्धा व्यास यांच्या बेरजेहून पाच मीटर जास्त, म्हणजे यंत्र कोसळले तरी रस्त्यावर पडू नये इतके. हे नियम मोजपट्टीने तपासता येतात. जमिनीचा दर, दलालाने आधीच करून घेतलेली खरेदीखते, सातबाऱ्यावर नाव नसलेला पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणारा धनगर, वनजमिनीवर हक्क मागणारा साक्रीचा आदिवासी, यांच्यासाठी मोजपट्टी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, हे त्यामागचे कारण असल्याचे आरोपपत्र म्हणते. न्यायालय काय तो निवाडा देईल. माळावर अचानक उतरलेला पैसा गावातल्या सत्तेची घडी कशी विस्कटतो, हे मात्र त्याआधीही बीड, सांगली, धुळे जिल्ह्यांतल्या अनेकांनी पाहिलेले आहे.

पवनचक्क्या ढग पळवून लावतात, असा समज दुष्काळाच्या वर्षांत आपल्याकडे जोर धरतो. त्याची टिंगल करणे सोपे आहे, उत्तर देणे जास्त उपयोगी. मोसमी प्रवाह कित्येक किलोमीटर जाडीचा असतो आणि त्याचा सर्वांत वेगवान भाग दीड किलोमीटरच्या आसपास वाहतो. पाऊस देणारे ढग त्याहूनही कितीतरी उंच वाढतात. पवनचक्कीची पाती या थराच्या तळाशी शे-दोनशे मीटरच्या पट्ट्यात फिरतात आणि तिथल्या ऊर्जेचाही थोडाच अंश घेतात. मागे सोडलेली शेपटी काही किलोमीटरांत पुन्हा आसपासच्या वाऱ्यात मिसळते. माणदेशात पाऊस कमी पडतो तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे, आणि ती छाया पवनचक्कीच्या कितीतरी आधीची आहे. तरीही हा समज का पसरतो याचा विचार प्रकल्पवाल्यांनी करावा. आपल्या डोंगरावरची वीज तारेने दूर जाते आणि आपल्या गावात भारनियमन चालूच राहते, हे बघणाऱ्या माणसाला कुठेतरी बोट ठेवायचे असते.

वाऱ्याचे महिने

एक वस्तुस्थिती शहरी उत्साहात झाकली जाते. महाराष्ट्रातल्या पवनचक्क्यांची वर्षातली निम्म्याहून बरीच जास्त वीज मे ते सप्टेंबर या काळात येते. त्याच काळात कृषिपंपांची मागणी घटते आणि धरणेही भरत असतात. रब्बीसाठी पंप धडधडू लागतात तेव्हा पाती मंदावलेली असतात. दोन मेगावॉटचे यंत्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चालले तर पावणेदोन कोटी युनिट देईल. वार्षिक क्षमता-वापर २५ टक्के धरला तर सुमारे ४४ लाख देते. या २५ टक्क्यांत यंत्राचा दोष नाही, ती वाऱ्याची चाल आहे. पावसाळ्यात सूर्य झाकोळतो तेव्हा वारा जोरात असतो आणि उन्हाळी सायंकाळी सौरपटल थंडावते तेव्हा बऱ्याच ठिकाणी वारा उठतो. म्हणून एकाच उपकेंद्रावर सौर आणि पवन यांची जोड देण्याचे प्रकल्प आता पुढे येत आहेत. जागा निवडताना आता 'किती वारा' याच्या बरोबरीने 'केव्हाचा वारा' हेही विचारले जाते. दिवसभर सौरवीज मुबलक असलेल्या जाळ्यात संध्याकाळी सातचे युनिट दुपारी बाराच्या युनिटपेक्षा मोलाचे आहे.

वाचकाला

पुढच्या पानांत यातली प्रत्येक बाजू सविस्तर येईल. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने गणिताची प्रकरणे ओलांडू नयेत आणि पर्यावरणाच्या कार्यकर्त्यानेही ओलांडू नयेत. गणित येत नसलेला विरोध आणि गाव ठाऊक नसलेला प्रकल्प, दोघांचीही गत सारखीच होते.

पण माझ्या मनातला वाचक तिसराच आहे. उद्या ज्याच्या माळावर मोजणीचा मनोरा उभा राहील, तो ग्रामसभेतला माणूस. कंपनीचा प्रतिनिधी समोर बसला की त्याने विचारावे: वारा किती उंचीवर आणि किती महिने मोजला? यंत्रे कुठे येणार याचा नकाशा आम्हाला कधी दाखवणार? सर्वांत जवळचे घर किती मीटरवर आहे? रस्त्यासाठी कोणता उतार कापणार आणि त्याचे पाणी कुठे जाणार? पठारावरच्या पक्ष्यांची नोंद कोणत्या ऋतूत घेतली? जमीन विकत घेणार की भाड्याने, आणि ज्याची गुरे तिथे चरतात पण सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याचे काय? वीस-पंचवीस वर्षांनी यंत्र थकल्यावर ते उतरवणार कोण, आणि त्याचे पैसे आजच कुठे ठेवणार?

या प्रश्नांची उत्तरे ज्या प्रकल्पाकडे तयार असतील त्याला जागा द्यायला हरकत नसावी. कोळशाच्या धुरापेक्षा वाऱ्याची वीज बरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एकदा यंत्र उभे राहिले की पुढची वीस-पंचवीस वर्षे ते हलत नाही. तेव्हा विचारायचे ते काँक्रीट पडण्याआधी विचारलेले बरे, आणि काय विचारायचे ते कळावे यासाठी हे पुस्तक वाचावे.